पुणे ते सॅन फ्रान्सिस्को: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ नीट कसा मोजायचा

पहिल्यांदा अमेरिकेला निघालेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो, "विमानाने किती तास लागतात हो?" मग जवळ बसलेला भाचा किंवा सोसायटीतला एखादा आयटीवाला मोबाईल काढतो, गूगल करतो आणि सांगतो, सोळा तास. काकू त्या सोळा तासांच्या हिशोबाने दशम्या किती, गोळ्या किती, झोप कधी हे सगळं ठरवून मोकळ्या होतात, आणि प्रत्यक्षात कोथरूडच्या दारातून निघून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीव्हेलच्या दारात पोचेपर्यंत दीड दिवसाच्या आसपास वेळ गेलेला असतो. गूगल काही खोटं बोलत नाही, ते फक्त विमान हवेत किती वेळ असतं तेवढंच सांगतं, आणि तेही बरेचदा अशा थेट विमानाचं जे आपल्या गावातून सुटतच नाही.

म्हणून हे सगळं एकदा पायरी पायरीने लिहून काढतोय. उदाहरण पुणे ते सॅन फ्रान्सिस्को घेतलंय कारण आपल्याकडची अर्धी पोरं त्याच भागात आहेत, पण पद्धत टोरांटोला, सिडनीला, कुठेही चालते. कागद, पेन आणि मोबाईल घेऊन बसा. अंतर मोजायला दोन मिनिटं लागतात, वेळ मोजायला जरा जास्त.

पायरी १: शहर नंतर, आधी विमानतळ पक्का करा

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो आणि तिकीट, सामानाचा टॅग, स्क्रीन सगळीकडे तोच दिसतो. पुण्याचा पीएनक्यू, मुंबईचा बीओएम, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. तिकडे त्या एका भागात तीन मोठे विमानतळ आहेत, एसएफओ, ओकलंड आणि सॅन होजे, त्यामुळे मुलाला किंवा सुनेला आधी विचारून घ्या की घराजवळ कुठला पडतो आणि न्यायला कुठे येणं सोयीचं आहे. सॅन होजे टाइप करताना कोड बघूनच क्लिक करा, एसजेसी म्हणजे कॅलिफोर्नियातलं आणि एसजेओ म्हणजे पार कोस्टारिका देशातलं.

आता आपलं लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ. इथून थेट अमेरिका का नाही असं दरवेळी कोणीतरी विचारतंच. एक तर तो हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे नागरी विमानांना वेळा मर्यादित मिळतात, दुसरं म्हणजे रनवे साधारण अडीच किलोमीटरचा आहे आणि पंधरा-सोळा तासांचं इंधन भरलेलं अवजड विमान उचलायला त्याहून बराच लांब लागतो, मुंबईचा मोठा रनवे साडेतीन किलोमीटरच्या जवळपास आहे. २०२४ मध्ये नवीन टर्मिनल झालं, छान झालं, पण टर्मिनल मोठं झालं म्हणून रनवे वाढत नाही. पुरंदरचा नवीन विमानतळ होईल तेव्हा होईल. तोपर्यंत पुणेकरापुढे रस्ते तीन: गाडीने मुंबई आणि तिथून विमान, लोहगावहून दिल्ली किंवा दुसऱ्या एखाद्या शहरात जाऊन तिथून पुढे, नाहीतर लोहगावहून जी मोजकी परदेशी विमानं जातात त्यातलं एखादं पकडून बाहेर कुठेतरी बदलायचं. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालाय, तिथून लांबची विमानं जसजशी वाढतील तसा पुण्याचा हिशोब बदलेल, म्हणून तिकीट काढताना मुंबईचा नक्की कुठला विमानतळ आहे ते वाचा, आता मुंबई म्हटलं की सहारचा जुना विमानतळच असं गृहीत धरायचे दिवस गेले.

पायरी २: अंतर काढा, पण भिंतीवरच्या नकाशावर नको

शाळेतल्या नकाशावर पुणे मध्यभागी आणि सॅन फ्रान्सिस्को पार डाव्या टोकाला, त्यामुळे सगळ्यांना वाटतं विमान अरबस्तान, युरोप, अटलांटिक असं आडवं जात असणार. पृथ्वी गोल असल्याने सगळ्यात जवळचा रस्ता तसा नसतोच. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक पुण्यावर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर आणि ताणा. दोरा सरळ उत्तरेकडे, जरासा पूर्वेला कलून, तिबेटच्या पठाराचं पश्चिम टोक, चीनचा शिनजियांग प्रांत, सैबेरिया करत पार आर्क्टिकमध्ये ७५ अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि मग अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. हेच ते ग्रेट सर्कल अंतर. नेटवर ग्रेट सर्कल मॅपर म्हणून फुकट साइट आहे, तिथे दोन कोड टाकले की हा रस्ता आणि अंतर दोन्ही दिसतं.

पुणे ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर येतं साधारण १३,५०० किलोमीटर. विमानातल्या स्क्रीनवर कधी मैल दिसतात, ते साधारण ८,४०० होतात, आणि पायलट ज्यात बोलतात त्या सागरी मैलात ७,३०० च्या आसपास. तीन वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका, एकच अंतर आहे.

यातली गंमत बघा. दोरा उत्तरेला जातो म्हणजे दिल्ली जवळपास त्या दोऱ्याखालीच येते. त्यामुळे पुणे ते दिल्ली साधारण १,१६० आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,४००, बेरीज केली तर थेट अंतराच्या जवळपास तेवढीच. म्हणजे "दिल्लीला कशाला उलटं जायचं" हे आपल्याकडचं लाडकं वाक्य निदान अंतराच्या बाबतीत चुकीचं आहे. याउलट मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,०४० मिळून साधारण १५,०००. मुंबई–फ्रँकफर्ट–सॅन फ्रान्सिस्को साधारण १५,७००. सिंगापूरमार्गे तर १७,५०० पर्यंत जातं, म्हणजे थेट अंतरापेक्षा चार हजार किलोमीटर जास्त.

आता लगेच सिंगापूर खोडून टाकू नका.

पायरी ३: किलोमीटरचे तास करा

मोठी विमानं, म्हणजे बोइंग ७७७, ७८७, एअरबस ३५०, ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. पण वर चढायला, खाली उतरायला वेळ लागतो, रस्ता तंतोतंत दोऱ्यासारखा नसतो, म्हणून ढोबळ हिशोबाला मी हे वापरतो: किलोमीटरला ८५० ने भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,०४० भागिले ८५० म्हणजे सव्वापंधराच्या वर थोडं, अधिक अर्धा तास, झाले पावणेसोळा. शेड्यूलमध्येही साधारण तेवढंच दिसतं. मुंबई–लंडन ७,२००, उत्तर येतं नऊ तास, प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा आणि येताना साडेआठ-नऊ असं काहीतरी लागतं. का ते पुढच्या पायरीत.

आणखी एक लक्षात ठेवा, तिकिटावर जो वेळ असतो तो विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला लागलं तिथपर्यंतचा, त्यात रनवेवर रांगेत थांबणंही आलं. शिवाय कंपन्या त्यात थोडी ढील ठेवतात, त्यामुळे पायलट जेव्हा "आपण वीस मिनिटं लवकर पोचलोय" असं सांगतो तेव्हा फार हरखून जायचं कारण नाही.

खरा वेळ बघायचा असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर आपल्या विमानाचा नंबर टाका, गेल्या काही दिवसांत ते रोज कधी सुटलं, कधी उतरलं सगळं दिसतं. रोजच तासभर उशीर करणारं विमान असेल आणि पुढे दीड तासात दुसरं पकडायचं असेल तर ते तिकीट स्वस्त असलं तरी घेऊ नका.

पायरी ४: वारा कुठून वाहतो आणि आकाश कुठे बंद आहे

साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेला जाणारं विमान या वाऱ्यात शिरलं की विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर चालल्यासारखं होतं, पाय तेवढेच टाकायचे पण अंतर भराभर कापलं जातं. पश्चिमेला जाणाऱ्याला तोच वारा नाकावर. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ असा वारा पाठीशी घेऊन न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं होतं, एरवी त्याला सहा-सात तास लागतात.

आपल्या उपयोगाचं उदाहरण म्हणजे एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. ते आधी अटलांटिकवरून जायचं, ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर वाढून साधारण १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ मात्र जवळपास दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला, कारण अख्खा रस्ता वारा पाठीशी. म्हणून म्हटलं सिंगापूर लगेच खोडू नका. सिंगापूर–सॅन फ्रान्सिस्को जाताना साधारण पंधरा तास आणि परतीला सतराच्या आसपास, रस्ता तोच, फरक दोन तासांचा. थंडीत हे वारे जास्त जोरात असतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जाणं आणि येणं यातला फरक आणखी जाणवतो.

दुसरी गोष्ट, तो दोरा ज्या देशांवरून जातो ते देश जाऊ देतीलच असं नाही. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे त्यांना वळसा पडतो, काही मार्ग तर त्यांनी तेव्हा बंदच केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आकाश बंद केलं आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणारी थेट विमानं लांबच्या रस्त्याने जायला लागली, काहींना मध्ये युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. तिबेटवरून सुद्धा विमानं शक्यतो जात नाहीत, खाली जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे आणि केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन साधारण तीन हजार मीटरवर उतरावं लागतं, तिथे उतरणार कुठे. तेव्हा जुन्या ओळखीतल्या कोणी "आम्ही गेलो तेव्हा चौदा तासच लागले होते" असं सांगितलं तर ते खरंही असेल, पण तुमच्या तिकिटाला लागू असेलच असं नाही. आजचं शेड्यूल बघा.

पायरी ५: तिकिटावरच्या वेळा वाचा (इथेच सगळे अडकतात)

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. सुटण्याची मुंबईच्या घड्याळाने, उतरण्याची तिथल्या. त्यामुळे एकातून दुसरी सरळ वजा केली की उत्तर चुकणारच. उपाय एकच, सगळ्या वेळा आधी भारताच्या घड्याळात आणायच्या आणि मग वजाबाकी करायची.

दुबई आपल्या दीड तास मागे, बाराही महिने. सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात साडेबारा तास मागे आणि हिवाळ्यात साडेतेरा, कारण ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. २०२६ मध्ये त्या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. युरोपमार्गे जात असाल तर तिथे घड्याळ मार्चच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणजे वर्षातले काही आठवडे असे येतात की अमेरिकेने घड्याळ बदललंय आणि युरोपने अजून नाही. ऑगस्टमध्ये जाऊन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर परत येणाऱ्यांनी जायचा हिशोब साडेबाराने आणि यायचा साडेतेराने करायचा.

आता समजा जूनमधलं तिकीट असं आहे (वेळा मी नमुन्यादाखल घेतल्यात):

मुंबई, मंगळवार पहाटे ४.१० ला निघतं. दुबई, मंगळवार सकाळी ५.४५ ला पोचतं. दुबईहून ८.५० ला पुढचं. सॅन फ्रान्सिस्को, मंगळवार दुपारी १.३५.

बघणाऱ्याला वाटतं पहाटे चारला निघालो आणि दुपारी दीडला पोचलो, साडेनऊ तास! आता भारताच्या घड्याळात आणा. दुबईला पोचणं ५.४५ अधिक दीड तास, म्हणजे ७.१५, पहिलं विमान तीन तास पाच मिनिटांचं. दुबईहून निघणं ८.५० अधिक दीड, १०.२०, म्हणजे थांबा तीन तास पाच मिनिटांचा. सॅन फ्रान्सिस्को १.३५ अधिक साडेबारा तास, म्हणजे आपल्याकडे बुधवारी पहाटे २.०५, दुसरं विमान पावणेसोळा तास. एकूण मंगळवार पहाटे ४.१० ते बुधवार पहाटे २.०५, एकवीस तास पंचावन्न मिनिटं.

परतीला उलटं होतं. तिकडून मंगळवारी संध्याकाळी ४.४५ ला निघालं तर आपल्याकडे तेव्हा बुधवार पहाटेचे सव्वापाच, दुबईमार्गे साधारण एकवीस तास धरले तर मुंबईत उतरणं गुरुवारी पहाटे दोन-अडीचला. म्हणजे अख्खा बुधवार तिकिटावर नुसता नावाला, विमानातच जातो. सुट्टी मोजून घेतलेल्यांनी हे नीट बघा, तिकडून शनिवारी संध्याकाळी निघून सोमवारी सकाळी हिंजवडीत हजर होतो असं मॅनेजरला सांगायचं असेल तर मुंबईतून पुण्याला यायचे चार-पाच तास अजून धरलेलेच नाहीत.

तिकिटावर वेळेपुढे अधिक एक असं बारीक अक्षरात दिसलं तर त्याचा अर्थ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचतं, अधिक दोन असेल तर तिसऱ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. रात्री बारानंतरचं विमान. तिकिटावर १५ तारीख, ००.४० असं असेल तर तुम्हाला विमानतळावर १४ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊलाच असायला हवं आणि पुण्यातून १४ ला दुपारीच निघायला हवं. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो, बोलतानाही आपण पहाटे दोनला "आज रात्री" म्हणतो, पण विमान कंपनीचा दिवस रात्री बाराला बदलतो आणि त्यांना तिथी-वार काही सांगता येत नाही. १५ ची रात्र समजून १५ ला संध्याकाळी बॅगा घेऊन निघालेल्या लोकांचे किस्से प्रत्येक ट्रॅव्हल एजंटकडे असतात, विचारून बघा. त्यामुळे घरात बोलताना तारीख एकटी बोलायचीच नाही, "चौदा आणि पंधराच्या मधली रात्र" असं बोलायचं. ज्योतिषाकडून प्रस्थानाचा मुहूर्त काढणार असाल तर त्यालाही असंच सांगा.

पायरी ६: मधला थांबा किती असावा

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील आणि पहिलं उशिरा पोचल्याने दुसरं सुटलं, तर पुढची सोय करून देणं कंपनीचं काम असतं. स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली तर ती जबाबदारी तुमची, सामानही बरेचदा मध्ये उतरवून पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. लोहगावहून दुबईला एक तिकीट आणि तिथून अमेरिकेला दुसरं, असे जुगाड तरुण एकट्या माणसाने करावेत, आईवडिलांना त्यात घालू नये, हे माझं स्पष्ट मत.

एका तिकिटावर आखाती किंवा युरोपातल्या मोठ्या विमानतळावर दोन तास पुरतात, पहिल्यांदा जाणाऱ्याला तीन असावेत. व्हीलचेअर मागितली असेल तर तीनच धरा, कारण ती न्यायला येणारा माणूस येईपर्यंत विमानातून सगळ्यात शेवटी उतरणारे आपणच असतो. (व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, चालता येतं म्हणून लाजू नका, लांबच्या लांब गेट आणि इंग्रजी बोर्ड यातून ती सुखरूप नेते.)

पण अमेरिकेतच आधी न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल तर गणित वेगळं. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं तिथेच इमिग्रेशन होतं, आणि साधारणपणे सामान पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून काढून परत द्यावं लागतं, मग पुन्हा सिक्युरिटी. तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका. अबू धाबीला मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसायच्या आधीच होतं, ते तिकडे उतरल्यावर सोपं पडतं पण अबू धाबीत त्यासाठी वेळ हवा. परतीला दिल्लीमार्गे पुण्याला येत असाल तर बहुतेक वेळा दिल्लीत इमिग्रेशन, सामान, कस्टम्स सगळं उरकून मग पुण्याचं विमान असतं, तिथेही हाच नियम.

युरोपमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे देशावर आणि तुमच्या पासपोर्टमधल्या व्हिसावर अवलंबून असतं, नियम बदलतात, त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघूनच पैसे भरा.

पायरी ७: पुण्यातलं दार ते विमानतळाचं दार

कोथरूड-सिंहगड रोडवरून मुंबईचं टर्मिनल २ साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. नकाशा तीन तास दाखवतो, त्यावर विश्वास ठेवून निघायचं नाही. एक्सप्रेसवे स्वतः ९४.५ किलोमीटरचा, तो बरा असतो, वेळ खातात ती त्याची दोन्ही टोकं आणि मधला घाट. आधी चांदणी चौक, वाकड इथली गर्दी, मग खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की संपलंच, आणि पलीकडे वाशीचा पूल, चेंबूर, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याला आलेली मुंबई परत जात असते, जोडून सुट्ट्या आल्या तर आणखी कहर, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, धुकं, मध्येच दरड. एरवी चार तास धरा, रविवार संध्याकाळ किंवा पावसाळा असेल तर साडेपाच. शेअर कॅबने जाणार असाल तर ती तुमच्या आधी बाणेर, औंध करत दोन-तीन घरं घेत जाते, तो तास वेगळा. फूड मॉलला वडापाव खायला थांबायचं असेल तर थांबा, पण चहा आला, मग कोणाला टॉयलेट, मग ड्रायव्हर दिसत नाही, असं करत अर्धा तास सहज जातो, तोही लिहून ठेवा.

विमानतळावर सुटायच्या तीन तास आधी पोचा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा त्याहूनही आधी, आणि बंद झाला म्हणजे झाला, घाटात अडकलो होतो हे कारण तिथे चालत नाही.

वर घेतलेल्या नमुन्याच्या तिकिटाला हे लावा. विमान पहाटे ४.१०, म्हणजे रात्री एकला टर्मिनलवर, म्हणजे पुण्यातून सोमवारी रात्री आठला निघणं (चार तास रस्त्याचे, तासभर वाटेतल्या थांब्याला आणि गर्दीला). तिकडे दुपारी १.३५ ला उतरलं की इमिग्रेशन आणि सामान मिळून दोन तास, मग गाडीने घरी तासभर, घरात पाऊल साडेचारच्या सुमारास. भारताच्या घड्याळात ते झालं बुधवार पहाटे पाच. सोमवार रात्री आठ ते बुधवार पहाटे पाच, तेहतीस तास. गूगलच्या सोळाचे हे असे तेहतीस होतात.

लोहगावहून दिल्लीमार्गे एकाच तिकिटावर गेलात तर घाट वाचतो, घरापासून तासाभरात विमानतळ, बॅगा पुण्यातच देऊन मोकळे, पण दिल्लीत थांबा मोठा असू शकतो. दोन्हीचा घर ते घर हिशोब करून बघा. दोन-तीन तासांचा फरक असेल आणि जाणारे सत्तरीचे असतील तर मी दिल्लीच घेईन, विमानतळावर खुर्चीत बसून काढलेले तीन तास रात्रीच्या घाटातल्या तीन तासांपेक्षा कधीही बरे. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिल्लीच्या धुक्याचा विचार करा, तिथे विमानं तासन्‌तास अडकतात, त्या महिन्यांत मुंबईच बरी.

पायरी ८: चिठ्ठी

सगळा हिशोब झाला की एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं, मराठीत. साधारण असं:

घरातून निघणं: सोमवार रात्री ८.
मुंबईचं विमान: सोमवार-मंगळवारच्या मधली रात्र, पहाटे ४.१०.
दुबईत उतरणं: पुण्याच्या घड्याळात ७.१५, तिथे ५.४५.
दुबईहून निघणं: पुण्याच्या घड्याळात १०.२०, तिथे ८.५०. गेटवर तासभर आधी.
सॅन फ्रान्सिस्को: पुण्यात बुधवार पहाटे २.०५, तिथे मंगळवार दुपार १.३५.

खाली विमानांचे नंबर, पीएनआर, मुलाचा तिकडचा फोन आणि पत्ता. पत्ता इंग्रजीतही लिहा, इमिग्रेशनवाला विचारतो.

बाबांच्या मनगटावरचं एचएमटी पुण्याच्या वेळेवरच राहू द्या, मोबाईल उतरल्यावर आपोआप तिथली वेळ दाखवतो, म्हणजे दोन घड्याळं झाली. बीपीच्या, डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर ही चिठ्ठी निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवून कुठला डोस पुण्याच्या घड्याळाने कधी घ्यायचा ते तिच्यावरच लिहून घ्या, साडेबारा तासांच्या फरकात सकाळची गोळी कुठली आणि रात्रीची कुठली हे विमानात बसून आठवत नाही. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठी पर्समध्ये किंवा शर्टाच्या खिशात, मोठ्या बॅगेत नाही. एक फोटो मुलाला, एक पुण्यात मागे राहणाऱ्याला, म्हणजे बुधवारी पहाटे दोनला "अजून फोन कसा नाही आला" म्हणून कोणी जागत बसणार नाही, उतरल्यावर बाहेर यायला दोन तास लागतात हे त्यांना आधीच माहीत असेल.

कंपन्या वेळा बदलतात, कधी दहा मिनिटं, कधी तीन तास, आणि मेल त्याच माणसाला जातो ज्याने तिकीट काढलंय. निघायच्या आठवडाभर आधी आणि मग आदल्या दिवशी पीएनआर टाकून बघा, काही बदललं असेल तर जुनी चिठ्ठी फाडून नवीन लिहा, जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड करून देऊ नका.